काहीही न शिकवण्याची सहल

अट एकच होती आणि ती माझ्या नातीने जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांच्या देखत घातली.

"आजोबा, मी येईन तुमच्याबरोबर जंगलात. पण तिथे तुम्ही काहीच शिकवायचं नाही."

माझ्या मुलाने ताटात मान घातली. सूनबाईंनी भरलेलाच पेला पुन्हा भरला. आमची ही मात्र इतक्या मनापासून हसली की तिला ठसका लागला.

"काहीच म्हणजे?" मी विचारलं. व्याख्या आधीच स्पष्ट असलेली बरी.

"काहीच म्हणजे काहीच," टिकली म्हणाली. आकाराने ती लहानपणापासून टिकलीएवढी, म्हणून घरात हेच नाव पडलं आहे. आवाज मात्र हेडमास्तरांचा. "झाडाचं नाव सांगायचं नाही. पानं हिरवी का असतात ते सांगायचं नाही. आणि 'बरं, आता मला सांग पाहू' हे तर अजिबात म्हणायचं नाही."

"आणि चुकून एखादं वाक्य निसटलं तर?"

"तर पुढचे सगळे रविवार नानांचे."

इथे मला थोडं थांबून रविवारांची व्यवस्था समजावून सांगायला हवी. (तुम्हाला समजावलेलं चालतं, अट फक्त टिकलीपुरती आहे.) टिकलीला आजोबा दोन. एक मी, आणि दुसरे तिच्या आईचे वडील, म्हणजे आमचे व्याही, नाना. रविवारी सकाळी ती एका आजोबांबरोबर फिरायला जाते. कोणत्या, हे ती ठरवते. आणि गेले कित्येक रविवार ती नानांनाच निवडत होती.

आता नाना काय करतात? काहीही नाही. या गृहस्थांनी जन्मभर दुकानात बसून सोफे विकले आणि बसण्याचा तो सगळा अनुभव ते आता बागेतल्या बाकावर वापरतात. बसतात, डोळे मिटतात आणि घोरतात. टिकली आजूबाजूला हवं ते करते. "नानांबरोबर मजा येते," ती म्हणते, "ते काही सांगतच नाहीत." अहो, सांगायला मुळात काही असावं तर लागतं! पण हे मी बोलून दाखवत नाही. व्याही आहेत.

उलट मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. माझ्याबरोबर शेवटच्या रविवारी टिकली मत्स्यालयात आली होती. पहिल्याच टाकीपाशी मी मासा श्वास कसा घेतो ते सांगायला लागलो. माझ्यामागे बघता बघता अनोळखी माणसांचा घोळका जमला, लोक शंका विचारायला लागले, एका गृहस्थाने तर माझे आभार मानले. मग पहारेकऱ्याने दिवे मालवले. शेवटच्या टाकीत एक म्हातारं कासव होतं आणि टिकलीला ते बघायचं होतं. ते कासव आजतागायत आमच्या घरात माझ्याविरुद्ध साक्ष देत आहे.

"मान्य," मी म्हणालो. "एक अक्षर शिकवणार नाही."

"बघू हं," ही म्हणाली. या दोन शब्दांत माणसाचा किती अपमान मावतो, ते लग्न झालेल्यांनाच कळेल.

हे जंगल म्हणजे काही दूरदेशीची गोष्ट नव्हे. आमच्याच शहरात, बसच्या शेवटच्या थांब्यामागे, एका बाजूला इस्पितळाची भिंत आणि दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी, यांच्यामध्ये एक राखीव वर्षावन आहे. शहर वसायच्या आधीपासूनचं. शहर वाढत वाढत त्याच्या कुंपणापर्यंत आलं आणि कोणा भल्या माणसाच्या सहीमुळे तिथेच थांबलं. मी वर्षावनाचा धडा जन्मभर शिकवला, पण आत पाऊल टाकलं नव्हतं. वर्गाची सहल न्यायची म्हणून अर्ज करायचो. परवानगी यायची तेव्हा तो वर्ग पास होऊन गेलेला असायचा.

दुसऱ्याच दिवशी टिकलीला घेऊन परवानगीच्या कचेरीत गेलो. खिडकीमागे एक बाई स्वेटर विणत बसल्या होत्या.

"किती जण?"

"दोघं. मी आणि नात."

"दोघांसाठी जंगल उघडत नाही. किमान पाच लागतात. वाटाड्या पाचांच्या खाली आत जात नाही."

"का बरं?"

"नियम आहे," बाई म्हणाल्या आणि एक टाका उलटा घातला. "हा अर्ज भरा. भेटीच्या उद्देशापुढे खूण करा."

उद्देश चार होते. संशोधन. शिक्षण. सर्वेक्षण. तक्रार निवारण.

माझी लेखणी सवयीने 'शिक्षण'कडे वळली. काउंटरच्या कडेवर हनुवटी टेकवून टिकली माझ्या लेखणीकडे एकटक बघत होती.

"सहज बघायला यायचं असेल तर?" मी विचारलं.

"सहज कोणी येत नाही."

"आम्ही येतोय ना."

"मग त्याला चौकोन नाही." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "व्यवसाय निवृत्त शिक्षक लिहिलाय तुम्ही. मग करा की शिक्षणावर खूण."

"नाही करता येणार."

"का?"

"घरगुती कारण आहे."

बाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं. मागे रांगेतला एकजण खाकरला. मी संशोधनाचा विचार केला, पण त्याला विद्यापीठाचं पत्र लागत होतं. सर्वेक्षणाला स्वतःची दुर्बीण आणि तिचा परवाना. शेवटी टिकलीच म्हणाली, "आजोबा, 'तक्रार निवारण' करा. माझी तुमच्याबद्दल तक्रार आहेच की."

इतकं अचूक उत्तर मला वर्गातही क्वचितच मिळालं असेल. मी खूण केली, बाईंनी शिक्का मारला, आणि त्या शिक्क्याने पुढे काय घोळ घातला ते येईलच.

आता पाच माणसं जमवायची. आम्ही दोघं झालो. ही तिसरी. चौथे आमच्या इमारतीचे सेक्रेटरी. त्यांना बोलवावं लागत नाही, बातमी लागली की ते आपोआप समितीवर असतात. जिन्यातच त्यांनी मला गाठलं.

"जळवांचा विचार केलात?"

"म्हणजे?"

"जंगल म्हटलं की जळवा आल्या. दोन मोजे घाला, एकावर एक. त्यावर मीठ चोळा. विजार मोज्यात खोचा. आणि खिशात थोडी तंबाखू असू द्या."

"मी खात नाही."

"खायची नाहीये, जळवेला दाखवायची आहे."

तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकू बाहेर आल्या. "मीठ नको हो, साबण चोळा!" वरून कुणीतरी ओरडलं, "दोन्ही चोळा!" जिन्यात त्यावर बराच वेळ चर्चा झाली. त्या इमारतीत आजवर कुणीही जळू पाहिलेली नव्हती, त्यामुळे मतं फार ठाम होती.

पाचवा माणूस काही केल्या मिळेना. मुलाला आणि सूनबाईंना रविवारीही काम होतं. मी यादी आठवत बसलो होतो, तेव्हा ही भाजी निवडता निवडता म्हणाली, "नानांना विचारा."

"काय?"

"नानांना. ते रिकामेच असतात."

"अगं, ज्या माणसाशी माझा सामना आहे त्यालाच मी..."

"सामना?" हिने मान वर केली. "अहो, आठ वर्षांच्या पोरीवरून दोन म्हातारे सामने खेळतायत, हे बाहेर कुठे बोलू नका."

मी नानांना फोन केला. ते म्हणाले, "येतो की. तिथे बसायला आहे ना काही?" मी म्हणालो जंगल आहे. ते म्हणाले, "मग मी माझं स्टूल आणतो."

रविवारी सकाळी आम्ही पाचजण बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरलो. मी साध्या सदरा-विजारीत. ही बुटांत, हातात छत्री. टिकली हातात काही न घेता. नानांच्या काखोटीला घडीचं स्टूल. आणि सेक्रेटरी! त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत पिवळा रेनकोट घातला होता, विजार मोज्यात, मोजे दुसऱ्या मोज्यात, आणि चालताना त्यांच्या पायांतून मीठ सांडत होतं.

फाटकावर कळलं की आत मीठ न्यायचं नाही. तंबाखू नाही, साबण नाही, खाण्याचं काही नाही. बाहेरचं काही आत नाही आणि आतलं काही बाहेर नाही. विशेषतः बिया. बुटाच्या तळव्याला, विजारीच्या दुमडीत, खिशाच्या शिवणीत बाहेरचं बी अडकून आत गेलं तर परकं रोप माजतं, म्हणून प्रत्येकाचे बूट ब्रशने घासायचे आणि खिसे एका ट्रेमध्ये रिकामे करायचे. फाटकावरची तरुणी हे सगळं इतकं नीट समजावून सांगत होती की मला तिचं कौतुक वाटलं. मी चोरून टिकलीकडे पाहिलं. तिने कपाळाला आठी घातली होती.

सेक्रेटरींचं मीठ झाडून होईपर्यंत बराच वेळ गेला. मग माझी पाळी आली.

मला वाटत होतं माझे खिसे रिकामे आहेत. पण माणूस जन्मभर शिक्षक असला की खिसे त्याला न विचारता भरतात. आधी ट्रेमध्ये एक खडू पडला. मग दुसरा, रंगीत. मग भिंग. मग मोजपट्टी. मग शिरांचे प्रकार दाखवायला ठेवलेली वाळकी पानं. मग शेंग. मग एका कागदी पुडीत पंख असलेल्या बिया, ज्या वर उडवल्या की भिरभिरत खाली येतात. मुलांना फार आवडतात त्या. मग घडी घातलेला एक कागद. तरुणीने तो उलगडला. वर्षावनाच्या थरांची आकृती, माझ्या हातची, चार रंगांत.

"आजोबा!" टिकली म्हणाली.

"सवयीने आलं ते. शपथ."

"आकृती सवयीने येते?"

"रात्री सदऱ्याच्या खिशात कुणीतरी..." मी हिच्याकडे बघितलं. हिने छत्रीकडे बघितलं.

"बियांबद्दल खरं तर दंड आहे," फाटकावरची तरुणी गंभीरपणे म्हणाली. "पण तुम्ही स्वतःहून ट्रेमध्ये टाकल्यात."

"दंड नको," टिकली म्हणाली. "त्यांना फक्त ताकीद द्या."

तर अशी ताकीद मिळालेला, बूट घासलेला, उलटे खिसे बाहेर लोंबत असलेला मी राखीव वर्षावनात शिरलो.

आत शिरताच आवाज बंद झाले. बस, इस्पितळाची गाडी, सगळं कुणी दार लावावं तसं मागे राहिलं. हवा ओली आणि गार. लाकडी फळ्यांची पायवाट, दोन्ही बाजूंना नजर पोचणार नाही अशी गर्द झाडी, आणि वरून कुठूनतरी उन्हाचा एखादा कवडसा. जे मी जन्मभर फळ्यावर काढलं ते समोर उभं होतं, आणि माझ्या फळ्यापेक्षा खूपच उंच होतं. माझ्या घशाशी वाक्यं गोळा झाली. मी ती गिळली.

तेवढ्यात वाटाड्या आला. उंचच्या उंच, दाढीवाला तरुण. हातात आमचा अर्ज. चेहऱ्यावर घाम.

"तक्रार निवारणासाठी आपणच का?" त्याने विचारलं. मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि कागद त्याच्या हातातून पडायचाच बाकी राहिला. "सर?"

माझा विद्यार्थी! वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा, कारण पुढे बसला की मागच्यांना फळा दिसत नसे.

"सर, तक्रार माझ्याबद्दल आहे का? मागच्या महिन्यात एका गटाने म्हटलं होतं की मी माहिती कमी देतो. पण आज बघा सर, मी काहीही सोडणार नाही."

"अरे, तसं काही नाही, तू कमीच..."

"नाही नाही सर. तुम्ही शिकवलंत तसंच्या तसं सांगतो."

आणि त्याने खरोखरच तसंच्या तसं सांगितलं. माझाच धडा. माझीच वाक्यं, माझेच थांबे. "बरं का मुलांनो," तो माझ्या व्याह्यांना म्हणाला. विनोदही माझेच होते, आणि विनोदानंतर हसायला जागा सोडायची ती माझी लकबही त्याची झाली होती. त्या जागेत कुणी हसलं नाही. एक पक्षी तेवढा ओरडला.

मी अभिमानाने ऐकायला सुरुवात केली. काही वेळाने माझा अभिमान या पायावरून त्या पायावर भार टाकू लागला. मग मी पानांकडे बघू लागलो. मग माझ्या लक्षात आलं की मी एकच विचार करतोय: हा माणूस थांबणार कधी?

टिकली माझ्याजवळ सरकली. "हे तुम्हीच सांगितलंत ना त्याला?" ती कुजबुजली.

"आज नाही," मी कुजबुजलो. "मी एक अक्षर बोललेलो नाही."

"हं," ती म्हणाली. "हे धरत नाही."

जीव भांड्यात पडला. पण माझ्या धड्याचा शेवट मला माहीत होता आणि तोच आता जवळ येत होता. मी वर्गात मुलांनाच जंगल करायचो. काही मुलं जमिनीवर, काही वाकलेली, काही ताठ, आणि वर्गातला सगळ्यांत उंच मुलगा हात वर करून छत.

"आता आपण जंगल होऊया!" वाटाड्या म्हणाला.

सेक्रेटरींना त्याने उकिडवं बसवून जमिनीचा थर केलं. हिला वाकवून झुडपं. नाना स्टुलावर आधीच बसलेले होते, त्यांना मधला थर म्हणून तसंच राहू दिलं. टिकलीला वाटेकडेच्या बाकावर उभं केलं. ती सगळ्यांच्या वर डोकावणारं एकटं झाड. "आणि सर, तुम्ही छत. हात वर. फांदीपर्यंत जाऊ द्या. सर, मला तुम्ही दरवर्षी छत करायचात. आठवतं? पूर्ण तास."

मला आठवत होतं. मी हात वर केला, तो वरच्या फांदीच्या पानांत गेला, आणि वाटाड्या छतावर पडणाऱ्या पावसाबद्दल बोलू लागला.

"अहो, माझा गुडघा," झुडपं म्हणाली.

"मला कुणी उठवेल का?" जमिनीचा थर म्हणाला.

मधला थर घोरत होता.

त्याच वेळी माझ्या बाहीवर एक काडी पडली. मी ती झटकणार, एवढ्यात बाकावरून टिकलीने माझं मनगट धरलं. तिचं तोंड बरोबर माझ्या बाहीच्या पातळीला होतं.

"आजोबा," ती अगदी हळू म्हणाली, "ही काडी चालतेय."

तो काडीकिडा होता. तुम्हाला सांगतो, हा प्राणी म्हणजे... पण असो. तुम्हीही कुणाची तरी नातवंडं असाल. एवढंच सांगतो की त्या क्षणी त्याच्याबद्दलचं एकूण एक वाक्य माझ्या दातांमागे येऊन उभं राहिलं, शाळा सुटायच्या घंटेआधी मुलं दारामागे उभी राहतात तसं. आणि समोर टिकलीचे डोळे, एवढे मोठे. जन्मभर मी असे डोळे शोधत फिरलो. आता ते इतक्या जवळ होते आणि मला बोलायची बंदी होती.

"हो?" मी म्हणालो.

माझ्या आयुष्यातला तो सर्वांत अडाणी 'हो' असेल. पण तिला पुरला. ती पुन्हा बघू लागली.

एवढ्यात वाटाड्याचं लक्ष गेलं आणि त्याचा पाऊस थांबला. "सर, हलू नका!" त्याने कमरेचा बिनतारी संच काढला. "फाटक, फाटक. पाहुण्याच्या बाहीवर जीव बसलाय. ओव्हर."

"पाहुणा घाबरलाय का? ओव्हर."

"नाही. पाहुणे माझे सर आहेत. ओव्हर."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग उत्तर आलं. आतल्या जिवाला हात लावायचा नाही. झटकायचं नाही. फुंकायचं नाही. तो जीव स्वेच्छेने उतरेपर्यंत पाहुण्याने आहे त्या स्थितीत राहायचं, आणि जीव अंगावर असताना फाटकाबाहेर जायचं नाही. ओव्हर.

"आणि त्याची इच्छाच झाली नाही तर?" सेक्रेटरींनी जमिनीवरून विचारलं.

ह्याचं उत्तर नियमात नव्हतं.

मी हात वर करून उभा राहिलो. खांदा आधी दुखला, मग पेटला, मग तो कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा वाटू लागला. सल्ले सुरू झाले. सेक्रेटरी म्हणाले, मीठ असतं तर काम झालं असतं. ही म्हणाली, छत्री टेकवून देऊ का हाताखाली? नाना जागे होऊन म्हणाले, "सर, तुम्हीही स्टुलावर बसा की." हात वर ठेवून खाली कसं बसायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

"शूः!" टिकली म्हणाली. "कोणी बोलायचं नाही!"

सगळे गप्प. वाटाड्यासुद्धा. त्या जंगलात आम्ही आलो तेव्हापासून पहिल्यांदाच कुणी काही सांगत नव्हतं. पानांवरून थेंब पडत होते, ते ऐकू यायला लागले. टिकली बाकावर, नाक माझ्या बाहीपासून वीतभर. किडा काडीसारखा ताठ. असा बराच वेळ गेला. मध्येच वाऱ्याची एक झुळूक आली, पानं हलली आणि किडा डोलत डोलत पुढे सरकला. वारा पडला, किडा थांबला. पुन्हा झुळूक, पुन्हा पाऊल.

मी टिकलीकडे बघत होतो. तिच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटत गेली.

"आजोबा," ती म्हणाली, "पानं हलतात तेव्हाच तो चालतो. वारा नसताना चालला तर सगळ्यांना कळेल ना, की ती काडी नाहीये."

खांदा दुखतोय हे मी विसरलो.

"मग आपण वारा करूया," ती म्हणाली. "आजोबा, तुम्ही झाड व्हा. हळू हला. आजी, तूही. सगळ्यांनी!"

आणि आम्ही हललो. छत हललं, झुडपं हलली. सेक्रेटरींना वाटाड्याने उठवून उभं केलं, तेही पिवळा रेनकोट सळसळवत हलू लागले. नाना स्टुलावर बसल्या बसल्या डोलत होते. वाटाड्या सगळ्यांत उंच, त्याने दोन्ही हात वर केले आणि न सांगता छत झाला. टिकली माझ्या बोटांपाशी एक फांदी हलकेच धरून उभी होती. किड्याने एक पाय उचलला. डोलला. दुसरा उचलला. मनगट, तळवा, बोट. मग माझ्या बोटाच्या टोकावर तो थांबला, बराच विचार केला, आणि फांदीवर गेला. टिकलीने फांदी सोडली. आम्ही सगळ्यांनी बघितलं, पण पुन्हा पाहिलं तेव्हा तिथे फक्त काड्या होत्या.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हिने माझा हात धरून सावकाश खाली आणला, आणि तो खाली येताना मी जे काही ओरडलो ते शिकवण्यात मोडत नाही.

फाटकाबाहेर पडताना वाटाड्याने विचारलं, "सर, तक्रारीचं काय लिहू?"

टिकलीने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला सांगितलं, "निवारण झालं असं लिहा."

खरी गंमत बसमध्ये झाली. नाना एकाएकी जागे झाले होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुठल्याशा जिवाला डोळे उघडे ठेवून पाहिलं होतं, आणि आता ते त्यांना आवरेना. "टिकली, तुला सांगतो, तो किडा म्हणजे काडीचाच झालेला असतो. काडी फार जुनी झाली की तिला पाय फुटतात. सोफ्याच्या लाकडालाही..." मी खिडकीबाहेर बघत राहिलो. प्रत्येक वाक्य चुकीचं होतं. प्रत्येक वाक्य माझ्या काळजातून आरपार जात होतं. "बरं, आता मला सांग पाहू," नाना म्हणाले.

टिकलीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "नाना," ती समजुतीने म्हणाली, "तुम्ही फार शिकवता."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, पण माझं तोंड व्याह्यांना दिसू नये असं वाटत होतं.

घरी दार उघडताच सूनबाईंनी विचारलं, "मग? काय काय शिकवलं आजोबांनी?"

"काही म्हणजे काही नाही!" टिकली ओरडली. "ते झाड झाले होते!"

मला निवृत्तीच्या वेळी शाल मिळाली होती, भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं, दोन भाषणंही झाली होती. हे त्या सगळ्याच्या वर ठेवायला हवं.

मी दाराशी बसून एका हाताने बुटाचे बंद सोडत होतो. दुसरा हात अजून जंगलातच होता. टिकली येऊन शेजारी बसली.

"आजोबा, त्याचा एक पाय लहान होता. मागचा. तुम्ही पाहिलात?"

मी मान हलवली. मी पाहिला होता.

"तो तुटला होता का? आणि परत येतोय का? तसे पाय परत येतात?"

मी बोटाने ओठांवर कुलूप लावून दाखवलं.

ती हसली. मग इकडेतिकडे बघून, आई स्वयंपाकघरात आहे याची खात्री करून, कानाशी येऊन म्हणाली, "एकच शब्द. एकच शब्द चालेल."

जन्मभरात मला तासच्या तास मिळाले होते आणि ते मी भरभरून वापरले होते. एक शब्द कधी मिळाला नव्हता. मी फार विचार केला.

"येतात," मी म्हणालो.

ती थांबली. मी बुटाच्या बंदाकडे वळलो.

"आणि? कसे येतात? किती दिवसांनी? आजोबा! आणि?"

मी दुसरा बूट काढला आणि जोडी भिंतीशी नीट लावून ठेवली.

"ते आता," मी म्हणालो, "पुढच्या रविवारी."